याबित्सूचा घाट आणि वजनाचा काटा

योकोहामाबद्दल भारतातून कुणी विचारलं, की आम्ही इथली मंडळी आधी बंदर सांगतो, मग चायनाटाउन, आणि मग जरा अभिमानाने सांगतो की हे शहर १९६५ पासून आपल्या मुंबईचं भगिनी-शहर आहे. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते, ती म्हणजे इथले चढ. चढाच्या रस्त्याला जपानीत ‘साका’ म्हणतात, आणि नावाला जोडून आला की त्याचा ‘झाका’ होतो. बंदर १८५९ साली खुलं झालं. पुढे परदेशी व्यापाऱ्यांनी यामातेच्या टेकडीवर बंगले बांधले. मोतोमाचीच्या बाजारातून तिथे जायचं तर यातोझाका किंवा दाइकानझाका चढावा लागतो. पाहुणे फोटो काढतात. आम्ही रहिवासी दम खातो.

आमचं घर बंदरापासून बरंच आत, मिदोरी वॉर्डातल्या किरिगाओकाला. किरिगाओका म्हणजे धुक्याची टेकडी. २००९ साली इथे भारतीय शाळेची शाखा सुरू झाली, तेव्हापासून भारतीय कुटुंबं वाढत गेली. संध्याकाळी बागेत गेलं तर मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी सगळं कानावर पडतं. तोकाइचिबा स्टेशनावर उतरून भाजीची पिशवी घेऊन वर यायचं म्हणजे रोजचा व्यायामच. असं असूनही माझं वजन वाढलं ही कमाल आहे! पण वाढलं खरं.

२०२१ च्या शरदात ऑफिसची वार्षिक तपासणी झाली. जपानमध्ये २००८ च्या एप्रिलपासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या लोकांची खास तपासणी होते आणि त्यात पोटाचा घेर टेपने मोजतात. पुरुषांची मर्यादा ८५ सेंटिमीटर, बायकांची ९०. माझा घेर भरला ९३. नर्सबाईंनी अतिशय अदबीने, मान लववून सांगितलं, “मेताबो.” मेटाबॉलिक सिंड्रोमचं हे जपानी लाडकं नाव. ऐकायला एखाद्या बाहुलीचं वाटतं. पण माझ्या वडिलांना पन्नाशीच्या आत मधुमेह झालेला, काकांची बायपास झालेली, आणि मी त्या वेळी सेहेचाळीस वर्षांचा. ट्रेनमध्ये तो कागद मी चार वेळा वाचला.

कागदावर ‘योग्य वजन’ छापलेलं होतं. इथला हिशेब सरळ असतो. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि २२ ने गुणायचं. माझी उंची १७० सेंटिमीटर, म्हणून माझं योग्य वजन ६३.६ किलो. प्रत्यक्षात होतं ७८. या ६३.६ ने पुढे दीड वर्ष माझ्या डोक्यात घर केलं, त्याचीच ही हकिकत.

२०२२ च्या वसंतात मी सायकल घेतली. त्सुरुमीला एका गल्लीत सायकलवाले एक ओजीसान, म्हणजे आजोबा, बसतात. त्यांच्याकडून दहा किलोंची जुनी रेसर सायकल मिळाली. मी हौसेने विचारलं, “आणखी हलकी आहे का?” त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, हसले, आणि काहीच बोलले नाहीत. पुण्याचा असतो तर दुकानदार नक्की बोलला असता.

सराव सुरू झाला नदीकाठी. आमच्या टेकडीवरून खाली उतरलं की ओंदा नावाची छोटी नदी लागते. एप्रिलमध्ये तिच्या काठाला चेरी फुलते. पुढे ती त्सुरुमी नदीला मिळते आणि काठाकाठाने वाट थेट समुद्राच्या दिशेने जाते. वाटेत शिन-योकोहामाचं ते मोठं स्टेडियम लागतं, २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना झाला ते. नदीला पूर आला तर पाणी आसपासच्या सखल मैदानात सोडायची इथे सोय आहे, म्हणून स्टेडियम खांबांवर उभं केलंय. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी मागे वळून पाहिलं तर फुजी दिसतो. ही सगळी वाट सपाट. सत्तरीचे आजोबा, बाजाराच्या टोपलीची ‘मामाचारी’ सायकल चालवणाऱ्या आया, शाळेची पोरं असे सगळे आपापल्या वेगाने जात असतात.

इथे मला पहिला धडा मिळाला. सपाटीवर वजनाचा फारसा अडथळा होत नाही. तिथे झगडा असतो तो वाऱ्याशी. ओजीसानांनी मग मला केइरिनबद्दल सांगितलं. केइरिन ही जपानची सायकल शर्यत. १९४८ साली कोकुरा इथे ती सुरू झाली आणि २००० साली ऑलिंपिकमध्ये गेली. त्सुरुमीतच, सोजीजी या मोठ्या देवळाजवळ, १९५० पासून कागेत्सुएन नावाची केइरिनची धावपट्टी होती. ती २०१० मध्ये बंद झाली. ओजीसान तरुणपणी दर आठवड्याला तिथे जात. “त्या लोकांच्या मांड्या पाहिल्या असत्यात तर वजन कमी करायचं नाव काढलं नसतंत,” ते म्हणाले. धावपट्टीवर दणकट गडी लागतो, घाटात हलका. टूर द फ्रान्समध्येही हेच. १९९१ ते १९९५ ओळीने पाच वेळा जिंकणारा इंदुराइन सुमारे ८० किलोंचा, आणि १९९८ चा विजेता पांतानी जेमतेम ५७ च्या आसपास. शर्यत एकच आणि दोन विजेत्यांत वीस-बावीस किलोंचा फरक. मग ‘सायकलवाल्याचं आदर्श वजन’ नावाचा एकच आकडा असेल कसा? पण हे शहाणपण मला तेव्हा सुचलं नाही.

मला ओढ होती घाटाची. लहानपणी पुण्यात मुंबई-पुणे सायकल शर्यतीची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभं राहायचो. खंडाळ्याचा घाट पहिला चढेल त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणायचे. शर्यत कोण जिंकला हे विसरायचो, राजा कोण झाला ते लक्षात राहायचं. योकोहामाच्या सायकलवाल्यांचा खंडाळा म्हणजे याबित्सू. इथून तो पश्चिमेला, तान्झावाच्या डोंगरात आहे. सायकल पिशवीत बांधायची (इथे तशीच ट्रेनमध्ये नेता येते), योकोहामा लाइनने माचिदा, तिथून ओदाक्यू लाइनने हादानो. नागानुकीच्या चौकातून चढ सुरू होतो तो ११.८ किलोमीटर. खिंड ७६१ मीटरवर आहे, आणि एवढ्या अंतरात आपण सुमारे ६६० मीटर वर चढतो. मिनोगे गावाजवळ रस्ता अक्षरशः अंगावर येतो. पुढे झाडीतली वळणं, मग नानोहानादाइचा सज्जा. तिथून खाली सागामीचा उपसागर आणि बाजूला फुजी दिसतो. खिंडीत गेल्यावर एक बसस्टॉप, स्वच्छतागृह आणि धापा टाकणारी माणसं, बस्स. पण तिथे पोचल्याचा आनंद काही औरच.

जून २०२२ मध्ये पहिल्यांदा गेलो, वजन ७५. तीन ठिकाणी उतरलो आणि एक तास बावीस मिनिटांनी पोचलो. नोव्हेंबरात ७० किलोंवर गेलो आणि अठ्ठावन्न मिनिटांत पोचलो, न उतरता. सौ.ला फोन केला तर तिने विचारलं, “कोण राजा आला का?”

इथे थोडं शाळेतलं पदार्थविज्ञान. एक किलो वजन ६६० मीटर वर न्यायला साधारण साडेसहा हजार जूल काम पडतं. माझ्या पायांत त्या वेळी चढासाठी दीडशे वॉटच्या आसपास ताकद होती. भागाकार केला की किलोमागे चाळीसेक सेकंद येतात. मी कागदावर मांडलं. ७० वरून ६५ वर आलो तर पाच किलोंची सव्वातीन मिनिटं वाचतील आणि चोपन्न-पंचावन्न मिनिटांत चढेन. शिवाय ६५ म्हणजे ६३.६ च्या दारातच! गणित बिनचूक होतं. फक्त त्यात पायांची ताकद तेवढीच राहील असं गृहीत धरलं होतं.

मग सुरू झाला उपासतापास. सकाळी काळा चहा, दुपारी कोशिंबीर, रात्री ताक. भात बंद, पोळी एक. फ्रिजवर तक्ता लावला आणि रोज सकाळी काट्यावर उभं राहून आकडा लिहायला लागलो. पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले आणि मी हुरळून गेलो. त्यातलं बरंचसं पाणी होतं हे नंतर कळलं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात बंद केला की साठा उतरतो आणि पाणीही जातं. काट्याला चरबी आणि पाणी यांतला फरक कळत नाही. ज्या काट्यांवर चरबीची टक्केवारी दिसते, तेसुद्धा अंगातून बारीक वीज सोडून अंदाज बांधतात आणि पाणी कमी-जास्त झालं की फसतात.

एप्रिल २०२३ मध्ये ६५ किलो भरले आणि मी याबित्सूला गेलो. मिनोगेपर्यंतच हातपाय गार पडले. वर पोचलो तेव्हा त्रेसष्ट मिनिटं झाली होती. पाच किलो कमी, आणि पाच मिनिटं जास्त! घरी येऊन उलट हिशेब केला, तर माझी ताकद बारा-तेरा टक्क्यांनी घटली होती. त्या महिन्यात दोनदा सर्दी-ताप झाला, रात्री झोप तीन वाजता मोडायची, ऑफिसात मी सगळ्यांवर चिडत होतो. आईने पुण्याहून व्हिडिओवर पाहिलं आणि म्हणाली, “अरे, आजारी आहेस का? गालफडं बसलीत.” मी म्हटलं, “आई, फिट झालोय.” ती गप्प राहिली.

आणि मग ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो. एका रविवारी सौ.ने मला स्वयंपाकघरात बोलावलं. फ्रिजवरच्या तक्त्यात माझ्या आकड्यांच्या शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात आणखी एक रांग होती. ४४.२. ४३.८. ४३.१. अक्षर लेकीचं. तेरा वर्षांची, शाळेत बॅडमिंटन खेळणारी, सडसडीत मुलगी. सौ. म्हणाली, “अहो, पंधरा दिवस तिचा डबा अर्धा परत येतोय. विचारलं तर म्हणते, बाबा पण भात खात नाहीत.”

मला काय बोलावं सुचेना. मी तिला कधीही वजनाबद्दल चकार शब्द बोललो नव्हतो. बोलायची गरजच नव्हती, रोज सकाळी तिच्यासमोर काट्यावर उभा राहत होतो. तो तक्ता मी तिथल्या तिथे काढला, काटा कपाटात वर ठेवला आणि सोमवारी आम्ही दोघंही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. खेळ जास्त आणि खाणं कमी असं बरेच दिवस चाललं, की शरीर खर्चात काटछाट करतं, असं त्यांनी समजावलं. आधी हॉर्मोन, मग हाडं, प्रतिकारशक्ती, झोप, मनःस्थिती. मुलींची पाळी चुकते, पुरुषांचीही ताकद आणि उमेद जाते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेवर निवेदन काढलं आणि २०२३ मध्ये ते सुधारलं. वाढत्या वयाच्या मुलांनी वजन कमी करायच्या फंदात पडूच नये, काही शंका असेल तर डॉक्टरांना विचारावं, हे त्यांनी लेकीच्या देखत मला सांगितलं. मला ते योग्यच वाटलं. लेकीचं प्रकरण लवकर लक्षात आलं म्हणून निभावलं. सगळ्यांचं निभावतंच असं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागलो आणि फिरून पुण्यालाच पोचलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं नाव तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचाही वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपण बारीक दिसलो तरी आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात दिसलं होतं, की तिथलं नवजात बाळ सरासरी २.७ किलोंचं आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोंचं. आपलं बाळ जन्मतः लहान, पण त्याची कमतरता स्नायूंत. चरबी त्याने बऱ्यापैकी राखलेली.

हे वाचल्यावर माझ्या ६३.६ चा अर्थ लागला. निर्देशांक २२ वर पोचायचं तर कशाने पोचतोय हे बघायला हवं होतं. माझ्या काट्यावर सत्तर किलोंना चरबी चोवीस टक्के दिसत होती आणि पासष्ट किलोंना तेवीस. काटा अंदाजच देतो हे मान्य, पण गुणाकार करा. पाच किलोंपैकी चरबी गेली ती दोन किलोंच्याही आत. बाकीचं पाणी आणि मुळात थोडे असलेले स्नायू! आपल्यासारख्यांना मधुमेहापासून वाचवणारे तेच, आणि घाट चढवणारेही तेच. वडिलांच्या वाटेने जायचं नाही म्हणून निघालो होतो आणि वाटेत भांडवलच विकत होतो.

आता आमच्याकडे काय पद्धत आहे ते सांगतो. कुणाला उपयोगी पडलं तर बरं. काटा आठवड्यातून एकदा, सकाळी, कपाटातून काढायचा आणि परत ठेवायचा. चार आठवड्यांची सरासरी बघायची, एका दिवसाच्या आकड्याला भीक घालायची नाही. पोटाचा घेर महिन्यातून एकदा. याबित्सू दोन महिन्यांतून एकदा, वेळ डायरीत. कमी करायचंच असेल तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत, आणि जोराचा सराव चालू असताना तेही नाही. वजन उतरतंय पण चढायची वेळ वाढतेय, झोप मोडतेय, हात गार पडतायत, घरच्यांवर चिडचिड होतेय, तर त्या आकड्याच्या खाली आपलं घर नाही असं समजायचं.

खाणं परत आलं. डाळ, मटकी, पिठलं, दही आणि इथला तोफू रोज काही ना काही. भातही आला. लांबच्या फेरीत तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात. इथले सायकलवाले त्यासाठी ओनिगिरी म्हणजे भाताचे मुटके आणि योकान म्हणजे लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड वडी खिशात ठेवतात. मी गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवतो. ओजीसानांना एक दिला. त्यांनी दुकान बंद करेपर्यंत चार खाल्ले.

वजन हळूहळू ६७ ते ६८ च्या मध्ये येऊन थांबलं आणि तिथेच आहे. तक्त्याप्रमाणे अजून चार किलो जास्त. घेर ८४, साखर आटोक्यात, तपासणीच्या कागदावर ‘मेताबो’ नाही. २०२४ च्या शरदात याबित्सू पंचावन्न मिनिटांत चढलो. पासष्ट किलोंना जे गणित मला देणार होतं, ते साडेसदुसष्टला, पोटभर जेवून मिळालं. हे माझं वजन. माझ्या शेजाऱ्याचं वेगळं असेल, केइरिनवाल्याचं वेगळं आणि माझंच दहा वर्षांनी वेगळं असेल.

गेल्या नोव्हेंबरात एका रविवारी लेक म्हणाली, “बाबा, मीही येते, पण घाट नको.” मग नदीकाठाने निघालो. त्सुरुमीपर्यंत जाऊन पुढे शहरातून यामाशिता पार्क. १९२३ च्या भूकंपातल्या ढिगाऱ्यावर भर घालून ही बाग केली आणि १९३० मध्ये खुली झाली. बागेच्या एका टोकाला घुमटाचा एक छोटा मंडप आहे, ‘इंदो सुइतो’, भारतीयांचं पाण्याचं कारंजं. भूकंपात बेघर झालेल्या भारतीय व्यापाऱ्यांना योकोहामाच्या लोकांनी आधार दिला, त्याची आठवण म्हणून भारतीयांनी तो शहराला भेट दिला. त्याच्याजवळच्या बाकावर बसून आम्ही डबा उघडला. पोळ्या, बटाट्याची भाजी, दोन ओनिगिरी आणि लाडू. समोर बोटी चालल्या होत्या. लेकीने स्वतःचं संपवलं आणि माझ्या डब्यातली चौथी पोळी न विचारता उचलली. मी काही बोललो नाही. येताना सायकली पिशवीत बांधून ट्रेनने आलो. तोकाइचिबाचा चढ मात्र दोघांनी चालतच काढला.

तेव्हा मंडळी, योकोहामाला आलात तर जरूर कळवा. सायकलींची सोय होईल. हेल्मेट तेवढं न विसरता घालायचं. २०२३ पासून इथे सगळ्यांनीच ते घालावं असा नियम आहे. नदीकाठ सोपा आहे, मुलांनाही घेऊन या. याबित्सूला यायचं असेल तर आदल्या रात्री आमच्याकडे जेवायला या. वरण-भात असेल, आणि वजन कुणी विचारणार नाही.